बेप्पूला बांबूची ताटली करताना

जपानमधल्या बेप्पूत बांबूकाम शिकायला बसलं की कित्येक आठवडे विणायला मिळतच नाही. हातात येतो तो सुरा: जाड पात्याचा, दोन्ही अंगांनी धार लावलेला. समोर असतो उभा चिरलेला बांबू. मी वर्गात नाव घातलं ते रोजच्या जेवणात वापरता येईल अशी एक ताटली स्वतःच्या हातानं विणायची म्हणून. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, ते नीट ऐकून घेतलं. केवढी हवी, तिच्यात काय वाढणार, कोरडं की ओलं, गरम की गार, असं बरंच विचारलं. आणि म्हणाले, "मग आधी कामट्या करू."

पुढचे कितीतरी महिने त्या एका वाक्यात गेले.

नवऱ्याची नोकरी इथल्या डोंगरावरच्या विद्यापीठात, म्हणून आम्ही क्यूशू बेटावरच्या या गावी आलो. बेप्पू ओइता प्रांतात आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या उतारावर घरं. जमिनीखाली सगळीकडे उकळतं पाणी. रस्त्याकडेच्या झाकणांतून, घरांच्या परसांतून वाफेचे लोट वर येत असतात. कान्नावा भागात या वाफेवर स्वयंपाक होतो. रताळी, कोबी, मका, अंडी, मासे असं सगळं बांबूच्या टोपलीत रचायचं, ती टोपली चुलाण्यातल्या वाफेवर ठेवायची आणि वरून झाकण. या पद्धतीला जिगोकु-मुशी म्हणतात. शिजलं की तीच टोपली उचलून टेबलावर येते आणि लोक तिच्यातूनच खातात. बांबूकडे मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं ते तिथे. रोज वाफ, रोज पाणी, खारट ओल, आणि तरी टोपलीचा आकार जसाच्या तसा.

इथलं बांबूकाम मुळात स्वयंपाकघरातलंच. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांपासून, बेप्पूला लोक दुखणीखुपणी घेऊन गरम पाण्याच्या उपचाराला यायचे. एकेक मुक्काम आठवडेच्या आठवडे चाले, आणि पुष्कळ जण खोली भाड्यानं घेऊन आपला स्वयंपाक आपण करत. त्यांना तांदूळ धुवायला, भाजी निथळायला, शिजलेलं काढून ठेवायला काहीतरी लागे. गावातले कारागीर ते करून विकत, आणि पाहुणे परत जाताना चांगली टोपली घरी घेऊन जात. १८७१ मध्ये इथे बंदर झालं आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. १९०२ मध्ये बेप्पू आणि शेजारचं हामावाकी या दोन गावांनी मिळून कारागिरीची शाळा काढली, तिच्यात बांबूकाम शिकवू लागले, आणि तिथून पुढे फुलदाण्यांचं, चहाविधीच्या वस्तूंचं नाजूक कामही वाढलं. शोनो शोउन्साई (१९०४–१९७४) हे इथलेच. १९६७ मध्ये त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला, आणि बांबूकामात तो मिळवणारे ते पहिले. त्यांचं काम पाहून मी थक्क होते. पण माझा जीव अडकतो तो कुठल्याशा नूडलच्या दुकानात गार सोबा ज्या चाळणीवर वाढतात तिच्यात. तिच्या खाली हात घालून पाहावं. खालची बाजूही वरच्याइतकीच गुळगुळीत असली तर ती कुणीतरी मन लावून केलेली असते.

आता बांबूविषयी. इथे मुख्यतः वापरतात तो मादाके, आणि त्याच्या उत्पादनात ओइता प्रांत जपानमध्ये पहिला. याची पेरं लांब, साल घट्ट आणि तंतू चिवट. एडिसनच्या सुरुवातीच्या दिव्यांत काही वर्षं जी तार पेटत होती, ती क्योतोजवळच्या मादाकेच्याच कोळशाची होती. याहून जाड मोसो नावाचा बांबू खाण्याच्या कोंबांसाठी नि चॉपस्टिकसाठी ठीक, पण बारीक विणीला तो ठिसूळ पडतो. मादाके तोडायचा तो शरदाच्या शेवटापासून हिवाळ्यात, पाणी नि साखर कमी असताना. एरवी तोडलेल्याला बुरशी धरते, किडा लागतो. तोही तीन-चार वर्षांचाच हवा. कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि जून झालेला वाकवताना मोडतो.

ताटल्यांसाठी आम्ही पांढरा केलेला बांबू घेतो. तोडलेले बांबू कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात उकळतात. सालीवर तेल सुटतं, ते फडक्यानं पुसायचं आणि बांबू काही आठवडे उन्हात उभे करायचे. हिरवा रंग उतरत उतरत हस्तिदंती होतो. तेल निघाल्यानं बुरशी-किडीचा त्रास पुष्कळ कमी होतो. हे काम करणारे गावात वेगळे असतात, विणणारे त्यांच्याकडून तयार बांबू घेतात. आणि इथेच आजची अडचण आहे. पश्चिम जपानात बांबूची बनं माजली आहेत, कुणी तोडत नाही म्हणून शेजारच्या जंगलात घुसत आहेत. बांबू भरपूर, पण तो वेळेवर तोडून, उकळून, सुकवून देणारे हात थोडे आणि म्हातारे. सेन्सेई दर हिवाळ्यात स्वतः बनात जातात. मीही एकदा गेले. कुठला बांबू किती वर्षांचा हे ते सालीचा रंग आणि गाठीखालची पांढरी भुकटी बघून सांगत होते. कोवळ्यावर ती पांढरी कडी स्वच्छ उठून दिसते, पुढे काळपट होत जाते.

फाडणं हे या कामाचं मर्म. 'की मोतो, ताके उरा' अशी इथे म्हण आहे: लाकूड बुडाकडून फोडावं, बांबू शेंड्याकडून. सुरा शेंड्याच्या बाजूनं घालायचा, हलका ठोका द्यायचा, आणि पातं शिरलं की पुढे ढकलायचं. गाठ आली की फट्‌ असा आवाज होतो, मग पुढचं पेर एका दमात उलगडतं. नियम एकच, नेहमी निम्मं करायचं. निम्म्याचं निम्मं, त्याचं पुन्हा निम्मं. दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या असल्या की चीर मधून सरळ जाते. एक बाजू बारीक व्हायला लागली की चीर तिच्याकडेच ओढली जाते आणि कामटी वाटेतच संपते. मग जी बाजू जाड राहिली आहे ती जास्त वाकवायची, म्हणजे चीर हळूहळू मध्यावर येते. हे सांगून कळत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याला ते आधी कळतं. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या आजी बोलता बोलता, चीर न बघता, फाडत असतात. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "डोळ्यांनी बघायला गेलात तर उशीर होतो."

'बांबू फाडायला तीन वर्षं' असं इथे म्हणतात. प्रांताचं बांबूकामाचं प्रशिक्षण केंद्र बेप्पूतच आहे. फक्त बांबूकाम शिकवणारी जपानमधली ती एकमेव सरकारी संस्था, आणि तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातही सुऱ्याला धार लावणं आणि फाडणं यांत पुष्कळ वेळ जातो. सेन्सेई तिथे शिकलेले. आमचा वर्ग हौशी लोकांचा आहे, तरी त्यांनी त्यात काही सूट दिली नाही. बाजारात तयार कामट्या मिळतात, त्या आणून दिल्या तर लोक दुपारभरात टोपली विणून घरी जातील आणि खूशही होतील, हे त्यांना ठाऊक आहे. गावातल्या पारंपरिक बांबूकामाच्या संग्रहालयात पर्यटकांसाठी अशी सोय आहे आणि ती चांगलीही आहे. एखाद्या गोष्टीची ओळख व्हायला तेवढं पुरतं. मला मात्र जेवणाच्या ताटाखालचं जग बघायचं होतं.

फाडून झाल्यावर सालीचा थर गरापासून वेगळा करायचा. सुरा आडवा धरून कामटीच्या टोकाला शिरवायचा, दोन थर दोन दिशांना खेचायचे. वरचा, सालीचा थर कामाचा. गर बहुतेक टाकून द्यावा लागतो. एका बांबूतून प्रत्यक्ष ताटलीत किती थोडं उतरतं ते पाहून सुरुवातीला मला हळहळ वाटायची. बंब पेटवायला, बागेत टाकायला तो गर कामी येतो, पण तरी.

मग रुंदी. लाकडाच्या ओंडक्यावर दोन छोटी पाती शेजारी शेजारी ठोकलेली असतात, मध्ये हवी तेवढी फट. भिजवलेली कामटी त्या फटीतून ओढायची, दोन्ही कडा तासल्या जाऊन सगळ्या कामट्या एका रुंदीच्या होतात. पहिल्यांदा फट जरा मोठी, मग पाती जवळ आणून पुन्हा ओढायच्या. माझ्या ताटलीच्या कामट्या पाच मिलिमीटरच्या आसपास. त्यानंतर जाडी: एक पातं आडवं बसवलेलं, त्याच्याखालून कामटी साल खाली करून ओढायची. गराची बाजू कागदासारखी सोलून निघते. असं पुन्हा पुन्हा, दर वेळी पातं किंचित खाली आणत, अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास येईपर्यंत. शेवटी कामटीची दोन टोकं हातात धरून कमान करून बघायची. कमान सगळीकडे सारखी गोल आली तर जाडी सारखी. कुठे सपाट राहिली तर तिथे जाड, कुठे कोन झाला तर तिथे पातळ. मापक असतो हाताशी, पण सेन्सेई कमानीवर जास्त विश्वास ठेवतात आणि आता मीही ठेवते.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि विकत घेणाऱ्याला ती दिसतही नाही. कडा मारणं. तासलेल्या बांबूची कड पात्यासारखी धारदार असते. नुसत्या बोटानं जोरात ओढली तर रक्त काढते. म्हणून तिरक्या बसवलेल्या दोन पात्यांमधून प्रत्येक कामटी पुन्हा ओढायची आणि कडांची धार घालवायची. हे एकेका कामटीला, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. फुलदाणीला याची तितकी गरज नसते, तिला हात किती वेळा लागणार? ताटलीला रोज लागतो. ती धुताना घासणी फिरते, पुसताना फडकं अडकतं, लहान मूल काठावरून बोट फिरवतं, गरम भाकरी उचलताना नखाखाली कूस शिरू शकते. रोजच्या वापराची वस्तू आणि शोभेची वस्तू यांतला फरक मला या पायरीवर कळला. शंभर येनच्या दुकानात मिळणारी टोपली हातात घेऊन बघा, तिथे ही पायरी गाळलेली असते. विणीची नक्कल झटकन होते. कड मारायला वेळच द्यावा लागतो, आणि स्वस्त मालात सगळ्यांत आधी कापला जातो तो वेळ. हातानं केलेल्या ताटलीला काही हजार येन का पडतात, हा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही.

सगळ्या कामट्या तयार होऊन त्यांच्या जुड्या बांधल्या तेव्हा कुठे विणायला बसलो.

बेप्पूच्या कामात मूळ विणी आठ मानतात: चौकोनी जाळी, षटकोनी जाळी, अष्टकोनी जाळी, चटईसारखी घट्ट वीण, बोर्‍यासारखी वीण, आणि आणखी काही. त्यांच्या मिश्रणातून शेकडो प्रकार निघतात. १९७९ मध्ये जपान सरकारनं बेप्पूच्या बांबूकामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. माझ्या ताटलीसाठी सेन्सेईंनी षटकोनी जाळी, मुत्सुमे, निवडली. सहा कामट्या तीन दिशांना, दोन दोन, एकमेकींत गुंतवायच्या, की मध्ये पहिला षटकोन तयार होतो. मग त्याच्याभोवती एकेक कामटी घालत जायची, कधी वरून कधी खालून, आणि प्रत्येक नवा षटकोन आधीच्यांना जागेवर पकडून ठेवतो. या विणीची खुबी अशी की तिन्ही दिशांनी ताण असल्यानं ती सरकत नाही, कमी बांबूत मजबूत होते, आणि भोकांतून हवा-पाणी मोकळं वाहतं. कामट्या ओल्या ठेवायच्या, पाण्याचा फवारा मारत राहायचं. आणि घाई करून घट्ट ओढायचं नाही. षटकोन एकाच मापाचे आले पाहिजेत, ते बघायला मी सुरुवातीला पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बसे.

विणताना मी सेन्सेईंना सांगितलं की आमच्याकडे यात भाकरी ठेवली जाईल. भाकरी म्हणजे काय ते त्यांना फोनवर फोटो दाखवून, हातानं थापून दाखवून समजावलं. त्यांनी विचारलं, "तव्यावरून थेट हिच्यात?" मी म्हटलं, "थेट." "आणि चुरा पडतो?" "पडतो." मग त्यांनी मोठ्या षटकोनांमधून आणखी पातळ पट्ट्या ओवायला लावल्या. त्यानं भोकं लहान झाली, वाफ जायला वाट राहिली आणि चुरा टेबलावर पडेनासा झाला. शिवाय बुडाखाली दोन जाड कामट्या आडव्या-उभ्या घातल्या. त्यांना इथे 'बळाचे बांबू' म्हणतात. वजन त्या पेलतात, आणि ताटली टेबलापासून थोडी उचललेली राहते, म्हणजे खालूनही हवा खेळते. साल कुठल्या बाजूला ठेवायची तेही वापरावरून ठरलं. गुळगुळीत बाजू वर, पदार्थाला लागेल अशी, कारण सालीला पीठ चिकटत नाही आणि धुतलं की सुटतं.

काठ हे स्वतंत्र काम आहे. दोन रुंद, जाड पट्ट्या घ्यायच्या, एक आतून, एक बाहेरून. विणीची टोकं दोघींच्या मध्ये दाबली जातात. या पट्ट्या भिजवून, तापवून गोल वाकवतात. पट्टीची दोन टोकं जिथे एकावर एक येतात तिथे दोन्ही तिरकी तासायची, म्हणजे जोड बोटाला लागत नाही. आतल्या पट्टीचा जोड आणि बाहेरच्या पट्टीचा जोड एकाच ठिकाणी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर काठ तिथेच उसवतो. मग वेताच्या सालीनं ठराविक अंतरावर आवळून बांधायचं. वेत ओला असताना ओढायचा, वाळताना तो आणखी आवळतो. बांधताना ताटली मांडीवर धरायची आणि दर गाठीला थोडी फिरवायची. हे काम करताना वर्गात कुणी फारसं बोलत नाही. एरवी आमच्या वर्गात गप्पांना खंड नसतो.

शेवटी ताटली ज्योतीवरून भरभर फिरवतात. तंतूंची जी बारीक लव उरलेली असते ती जळून जाते आणि बांबूला धक्का लागत नाही. मग ओल्या फडक्यानं पुसायची. काही कारागीर ताटल्यांवर उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाचं लाखेसारखं रोगण, चढवतात. त्यानं डाग कमी पडतात आणि ओलसर पदार्थही ठेवता येतात. मी काही लावलं नाही. भाकरीच्या ताटलीला उघडा बांबूच बरा.

आणि ती रोज वापरात आहे. तव्यावरची भाकरी चिनी मातीच्या थाळीत टाकली की खालून घामेजते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणून तर भाकरीची दुरडी असते. या ताटलीत वाफ खालून निघून जाते, शेवटची भाकरी पहिलीइतकीच कोरडी राहते. रविवारी तिच्यात कागद घालून कांदाभजी निघतात. उन्हाळ्यात गार सोबा. नवऱ्याच्या डब्याबरोबर ओनिगिरी करते तेव्हा भाताचे गोळे आधी तिच्यावर निवत ठेवते, म्हणजे वरचा ओलावा उडून जातो. घट्ट रस्सा किंवा तेलकट काही सरळ तिच्यावर वाढत नाही, खाली पान घालते.

निगा सोपी आहे, पण ती रोज घ्यावी लागते. ताटली पाण्यात भिजत ठेवायची नाही. वाहत्या पाण्याखाली काथ्याच्या घासणीनं विणीच्या दिशेनं घासायची. साबण मी क्वचित लावते, तेलकट झालं तरच, आणि लगेच स्वच्छ धुऊन काढते. भांडी धुण्याच्या यंत्रात तर घालायचीच नाही. मग झटकून, उभी टेकवून, वाऱ्याला. कडक उन्हात तासन् तास ठेवली तर काठ वाकडा होतो, सावलीतला वारा उत्तम. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर बुरशी ठरलेली. जून-जुलैत इथे त्सुयुचा पाऊस असतो, हवा आपल्या कोकणासारखी दमट. त्या दिवसांत वापर थांबवला तर बांबू खराब होतो. रोज धुतलेली, रोज वाळवलेली ताटली शेजारच्या कपाटातल्या नुसत्या ठेवलेल्या टोपलीपेक्षा चांगली राहते. रंग मात्र बदलतो. हस्तिदंती होता तो हळूहळू मधाकडे झुकतो, आणि सेन्सेईंच्या घरची, त्यांच्या आईच्या हातची चाळणी तर आता गर्द तपकिरी आहे. तिच्या काठाचा वेत दोनदा बदललेला आहे. बांबूची वीण टिकते, वेत आधी जातो, तो बदलता येतो. दुरुस्त होणारी वस्तू म्हणून मला तिचं जास्त कौतुक आहे.

एका सुट्टीत ती ताटली मी पुण्याला घेऊन गेले. सासूबाईंनी हातात घेऊन पहिला प्रश्न केला तो "धुतल्यावर लवकर वाळते का गं?" मला फार बरं वाटलं. नक्षीबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, वाळण्याबद्दल त्यांनीच. त्या म्हणाल्या, बुरूड आळीत दाखवून बघ. मग आम्ही दोघी गेलो. सुपं, परड्या, करंड्या, टोपल्या यांच्या राशीत बसून एक बाई विणत होत्या. त्यांनी ताटली घेतली आणि आधी उलटी केली. बुड बघितलं, काठाच्या आतून अंगठा फिरवला, मग सरळ केली.

"काठ चांगला बांधलाय. जोड कुठंय ते कळंना."

मी कडा मारण्याचं सांगितलं, एकेक कामटी पात्यातून ओढायची म्हणून. त्या हसल्या नाहीत, विचार करून बोलल्या. "ताई, येतं आम्हाला पण. आमचे आजे करायचे, लग्नाच्या करंडीला. पण रोवळी घ्यायला आलेलं माणूस दहा रुपयांसाठी घासाघीस करतंय. एवढं तासत बसलं तर पोटाला काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेप्पूतही कारागिरांना १९५५–६५ च्या सुमारास प्लास्टिकनं असंच गाठलं. त्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस देशभर मादाके फुलला आणि वाळला. ही जात साधारण १२० वर्षांनी एकदा फुलते असं मानतात, आणि फुलली की मरते. कित्येकांनी धंदा सोडला. टिकले ते शाळा होती म्हणून, सरकारी मान्यता मिळाली म्हणून, आणि महाग ताटली घेऊन ती तीस वर्षं वापरणारं गिऱ्हाईक थोडंफार उरलं म्हणून. हुन्नर पुण्याच्या त्या मावशींच्या हातातही होता, ते त्यांनी काठ कसा तपासला त्यावरूनच दिसलं. त्यांना मिळत नाही ती किंमत. मी त्यांच्याकडून एक रोवळी घेतली आणि भावाबद्दल बोलले नाही. ती रोवळी आता बेप्पूत आहे. सेन्सेईंनी ती बराच वेळ हाताळली, उभ्या कामट्या मोजल्या, बुडाची सुरुवात कशी केली आहे ते कागदावर काढून घेतलं. चौकोनी बुडातून गोल तोंड कसं आणलं आहे ते त्यांना फार आवडलं.

सध्या वर्गात माझं काम तांदूळ धुवायच्या चाळणीचं चालू आहे. तिची वीण घट्ट, बोर्‍यासारखी: जाड उभ्या कामट्यांमधून एक पातळ पट्टी सलग फिरवत न्यायची. त्यासाठी उभ्या कामट्या विषम लागतात, म्हणजे दर फेरीला वर-खाली आपोआप बदलतं. फिरवायची पट्टी ताटलीच्या कामटीच्या निम्म्यानं अरुंद, आणि फेऱ्यांमधली फट तांदळाच्या दाण्याहून बारीक. इथला तांदूळ आखूड नि जाड. आमच्या घरी आंबेमोहोरही येतो, तो बारीक, म्हणून सेन्सेईंनी फट आणखी कमी करायला सांगितली आहे आणि त्याप्रमाणे मी पुन्हा रुंदीच्या पात्यांपाशी बसले आहे. जुडी अर्धी झाली आहे, अजून कडा मारायच्या आहेत.